पोरींना गंगावेशीत सोडा की

गेल्या वर्षी जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या, आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नुसता जाळ झाला होता. शाळेत पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा सरकारचा तो १६ एप्रिलचा जीआर, त्यावरनं रोज शंभर मेसेज, शेवटी २९ जूनला सरकारनं माघार घेतली तेव्हा कुठं फटाक्यांचे फोटो पडले. कोल्हापुरातले काका, मावशी, दादा, पुण्यातले चुलतभाऊ सगळे एका बाजूला आणि मीही त्याच बाजूला, इकडं स्टुटगार्टमध्ये रात्री भांडी आवरून ते वाचत बसायचे. त्यातच मी एकदा विचारलं की माझ्या बारा वर्षांच्या लेकीला मराठीत डिटेक्टिव्ह गोष्टी पाहिजेत, तिच्याच वयाची पोरं शोध लावतात तसल्या, कुठली आणू? सगळ्यांचं उत्तर एकच आलं. फास्टर फेणे.

आता भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश फेणे माझाही जिवाभावाचा आहे, करवीर नगर वाचन मंदिरातनं आणून आणून एकेक पुस्तक तीनतीनदा वाचलंय, जिभेनं काढायचं त्याचं ते 'ट्टॉक' मला आजही येतं. लेकीलाही तो आवडला. पण भागवतांचा जन्म १९१० चा. त्यांच्यानंतर कोण, असं मी परत विचारलं तर ग्रुप गप्प, मग कुणीतरी २०१७ च्या सिनेमाची आठवण काढली, त्यात तर फेणे मोठा झालाय, कॉलेजच्या वयाचा. बारा-तेरा वर्षांचं पोरगं मधल्यामधी गायबच झालं.

मावशीचं म्हणणं वेगळं होतं. चोऱ्यामाऱ्यांची पुस्तकं कशाला गं त्या वयात, संस्काराचं काहीतरी दे. मावशीवर माझा जीव आहे पण हे मला अजिबात पटत नाही. इथं जर्मनीत एरिश केस्टनरचं एमिलचं पुस्तक आहे, १९२९ चं. एमिल आईनं दिलेले १४० मार्क घेऊन रेल्वेनं बर्लिनला आजीकडं निघालाय, पैसे पडू नयेत म्हणून त्यानं नोटा टाचणीनं कोटाच्या आत टोचून ठेवल्यात, डोळा लागतो आणि डब्यातला माणूस पैसे मारतो. मग बर्लिनमधली पोरं जमतात, सगळी मिळून चोराच्या मागं लागतात, आणि शेवटी बँकेत चोर म्हणतो पैसे माझे, तेव्हा एमिल म्हणतो नोटांना टाचणीची भोकं असतील बघा. असतात. आई लोकांचे केस धुऊन पैसे मिळवते हे त्या पोराला ठाऊक आहे म्हणून तो त्या पैशासाठी एवढा जिवावर उदार होतो, आणि आपलं म्हणणं पुराव्यानं सिद्ध करतो, नुसतं ओरडून नाही. याहून मोठा संस्कार मला तरी सांगता येणार नाही.

पण एमिल जवळजवळ शंभर वर्षांचा आहे आणि तरी इथली पोरं त्याला वाचतात, म्हणजे पुस्तक जुनं आहे हा काही प्रॉब्लेम नव्हे. तीन पोरांच्या डिटेक्टिव्ह कंपनीची एक अमेरिकन पुस्तकमालिका होती, १९६४ ला सुरू झालेली, भंगारच्या अड्ड्यात लपवलेल्या एका जुन्या ट्रेलरमध्ये त्यांचं ऑफिस. अमेरिकेत ती १९८७ ला बंद पडली. जर्मन लोकांना मात्र ती इतकी आवडली की १९९३ पासून जर्मन लेखक तिच्या नव्या गोष्टी लिहितायत, आणि १९७९ पासून तिची ऑडिओ नाटकं निघतायत, त्या तीन पोरांचे आवाज काढणारे कलाकार पहिल्यापासनं तेच. माझ्या ऑफिसातले चाळिशी ओलांडलेले इंजिनिअर रात्री ते ऐकत झोपतात. दुसऱ्याच्या भाषेत मेलेली गोष्ट यांनी आपल्या भाषेत जगवली, आणि आपली स्वतःची गोष्ट आपण एका लेखकावर थांबवली याचं मला खरंच वाईट वाटतं.

मला वाटतं कारण भाषेत कमी आणि रस्त्यावर जास्त आहे. इथं पोरं पहिलीपासनं चालत शाळेत जातात, गाडीनं दारापर्यंत सोडू नका असं शाळाच सांगते, चौथीत सायकलची परीक्षा असते आणि ट्रॅफिक शिकवायला पोलीस येतात. माझी लेक ट्राम पकडून एकटी सिटी लायब्ररीत जाते, ती आतनं सगळी पांढरीशुभ्र आहे, तिथं तास-दोन तास बसते आणि अंधार पडायच्या आत घरी. त्यामुळं पुस्तकातली पोरं मोठ्यांशिवाय कुणाचा पाठलाग करतात तेव्हा तिला ते खरं वाटतं. माझी भाची तिच्याच वयाची, कोल्हापुरात. सकाळी व्हॅन, दुपारी दादाच्या गाडीवरनं क्लास, क्लासवरनं डान्स, तिथनं वहिनीच्या गाडीवरनं घरी. हुशार पोरगी आहे, पण आमचं घर गंगावेशीत असून तिथनं अंबाबाईच्या देवळापर्यंत ती कधी एकटी गेलेली नाही. तिनं फेणे वाचला आणि मला फोनवर विचारलं, आत्या, याला घरातनं सोडत होते?

ऑगस्टमध्ये इथली शाळेची सुट्टी असते म्हणून आम्ही ऐन पावसात कोल्हापूरला गेलो. तेव्हाची गोष्ट. बाबांची कोल्हापुरी चप्पल, चांगली करकर वाजणारी, तिच्यातली एक गायब झाली. वहिनी म्हणाली कुणीतरी नेली असंल. भाची म्हणाली एकच कोण नेईल? माझ्या लेकीला ते एकदम पटलं. मग दोघी जिन्याखाली वाकून बघायला लागल्या, कारण पावसाळ्यात आजोबा कातडी चप्पल घालतच नाहीत, जिन्याखाली तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवतात. गोणपाट तिथंच होतं पण ओढलेलं, आणि एका कोपऱ्याला चिखल. भाचीनं फोटो काढला. मग दोघी म्हणाल्या आम्ही चौकशी करून येतो, आणि दादा काही बोलायच्या आत मी जा म्हणून टाकलं.

दोन तास. दूध कट्ट्यावर विचारलं, समोरच्या चहावाल्याला विचारलं, पलीकडच्या गल्लीत चप्पल शिवणारे एक काका बसतात त्यांना विचारलं. ते काका म्हणाले, अगं याला खिळा नसतो, सगळी वादीची शिलाई, कुत्र्याला चघळायला बरी. झालं, दोघींनी कुत्र्यांचा माग काढला आणि बांधकाम चाललेल्या एका घराच्या वाळूच्या ढिगाजवळ चप्पल सापडली, अंगठा खाऊन टाकलेला. घरी आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडं अशी की मी तो फोटो फ्रेम करून लावलाय.

आणि त्या दोन तासांत आमच्या घरी चार फोन येऊन गेले. तुमच्या पोरी इकडं फिराय लागल्यात, माहीत हाय न्हवं? प्रत्येकानं पोरींना आधी एकच विचारलं होतं, कुणाच्या गं तुम्ही? माझी लेक त्यावर फार खूष. म्हणाली, स्टुटगार्टमध्ये मी अशी कुणाला विचारायला गेले तर लोक हो-नाही म्हणतील आणि पुढं जातील, इथं सगळे आधी माझी चौकशी करतात मग उत्तर देतात. खरंच आहे ते. जर्मनीत पोरांना मोकळा रस्ता आहे पण त्या रस्त्यावर बोलणारं माणूस नाही, साक्षीदार नाही. आपल्याकडं पावलापावलाला साक्षीदार बसलाय, वर घरी फोन करणारा आहे, आणि तपास करणारी पोरंच तेवढी व्हॅनमध्ये.

दादाशी त्या रात्री वाद झाला. तो म्हणाला तुझं तिकडचं इथं लावू नको, इथं फुटपाथ आहे का? पोरगी आहे, उद्या कुणी कट मारून गेला तर? आणि हे मी नाकारत नाही. महाद्वार रोडवर सणाच्या दिवसांत मलाच रस्ता ओलांडताना धडधडतं. स्टुटगार्टमध्ये लेक एकटी फिरते ती मी लई धाडसी आहे म्हणून नाही, तिथं सिग्नलला गाडी थांबते म्हणून फिरते. पण मग भांडायचं तर ह्या फुटपाथसाठीही तेवढंच भांडूया की. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, मी इथं ऑफिसात पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत बारा वर्षांच्या पोरीनं वाचायचं काय आणि ते वाचून जायचं कुठं, हे बघणारं कोणीतरी पाहिजे.

आणि लिहायला कोल्हापुरात काय कमी आहे हो? बाबूराव पेंटरांनी इथं १९१८ च्या सुमाराला फिल्म कंपनी काढली, तिचे बहुतेक मूकपट आज मिळत नाहीत. एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पोरांना पत्र्याचा गोल डबा सापडतो, इथनं सुरुवात करा. राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं, मग पुराच्या रात्रीची एक गोष्ट का नको? आणि किरणोत्सव! नोव्हेंबरात ९, १०, ११ ला मावळतीचं ऊन अंबाबाईच्या देवळात महाद्वारातनं आत येतं, पहिल्या दिवशी देवीच्या पायाशी, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. एखाद्या वर्षी ते वरपर्यंत पोचतच नाही, कधी ढग, कधी धूळ, कधी वाटेतल्या इमारतींची चर्चा. यंदा ऊन नेमकं कशानं अडलं, हे तीन दिवसांत दोन पोरींनी शोधून काढायचं. माझ्या लेकीनं ह्याची वही सुरू केलीय, अर्धी मराठीत अर्धी जर्मनमध्ये, आणि भाचीला तिनं काम दिलंय, रोज पाच मिनिटांच्या अंतरानं फोटो काढायचे आणि सावली कुठनं पडते ते लिहून ठेवायचं.

तर दादा, हे तू वाचशील म्हणून इथंच लिहिते. ९ नोव्हेंबरला साडेपाचच्या आत तिला महाद्वारात पोचायचंय. गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, चालत फार तर दहा-पंधरा मिनिटं. पाहिजे तर तू पन्नास पावलं मागनं ये. पण गाडीवरनं सोडू नको.