टेस्ट्स गेल्या कुठे?

कालपासून डोकं तापलंय. लीप वर्ष ओळखणाऱ्या एका पायथॉन फंक्शनच्या टेस्ट्सची, म्हणजे ते बरोबर उत्तर देतं का हे तपासणाऱ्या कोडची, फाइल मी आवरली आणि रिव्ह्यूला टाकली, एवढंच निमित्त. जुन्या फाइलमध्ये दर वर्षाला वेगळी टेस्ट, सगळं कॉपी-पेस्ट. ‘टेस्ट 1900’ उघडून पाहिली तर आत तपासत होते 2000! नाव बदललं, पोटातलं वर्ष तसंच. टेस्ट कायम हिरवीगार, म्हणजे पास, आणि 1900 बिचारं कधी तपासलंच गेलं नाही.

मी पायटेस्टचा (पायथॉनमध्ये टेस्ट्स चालवणारं साधन) ‘पॅरामेट्राइझ’ डेकोरेटर लावला; डेकोरेटर म्हणजे फंक्शनच्या वर ‘@’ (ॲट) लावून लिहायची सूचना. टेस्ट एकच, तिच्या डोक्यावर यादी: 2024 हो, 2023 नाही, 1900 नाही, 2000 हो. नवं वर्ष हवंय? एक ओळ वाढवा.

लगेच लीडसाहेबांचा फोन.

"टेस्ट्स उडवल्यास?"

"नाही सर, सगळ्या आहेत."

"मी ‘डेफ’ सर्च केलं. एकच सापडलं." (पायथॉनमध्ये फंक्शन ‘डेफ’ या शब्दाने सुरू होतं, आणि टेस्टही फंक्शनच.)

"यादीतली प्रत्येक ओळ वेगळी टेस्ट म्हणून चालते, सर. रिपोर्टमध्ये दिसेल."

"रिपोर्ट नको. फाइलमध्ये दाखव."

मी गप्प. मग तेच म्हणाले, "आणि वर ते ॲट कसलं? कुणाचा ईमेल राहिलाय का तिथे?"

डेकोरेटरची ही खूण पायथॉनमध्ये 2004 पासून आहे, 2.4 आवृत्तीत आली. साहेबांचा अनुभव त्याहून जुना, असं ते दर मीटिंगमध्ये ऐकवतात. दोघांची गाठ पडली नसावी.

"त्यापेक्षा फॉर लूप लाव ना. साधं, सरळ."

लूप म्हणजे एकाच टेस्टच्या पोटात सगळी वर्षं ओळीने फिरवायची. त्यात एक वर्ष फसलं की टेस्ट तिथेच मान टाकते, पुढची वर्षं तपासलीच जात नाहीत. डेकोरेटरने तेवढीच ओळ लाल होते, तीही कोणतं वर्ष फसलं ते सांगून, बाकीच्या धावतात. (याच दुखण्यावर युनिटटेस्ट या पायथॉनच्या घरच्या टेस्ट-साधनातही 3.4 आवृत्तीला ‘सबटेस्ट’ आणावं लागलं.) हे मी समजावत असताना पलीकडून कीबोर्ड खडखडत होता. साहेब दुसऱ्याच कुणाला तरी मेल लिहीत होते.

गोम वेगळीच आहे. दर महिन्याला वर जाणाऱ्या तक्त्यात टेस्ट्सचा आकडा ‘डेफ’ मोजून भरतात. म्हणजे कॉपी-पेस्ट करणारा मेहनती आणि आवरणारा कामचुकार! अप्रेझलला हाच तक्ता उघडणार.

"तुझं ते ॲटवालं राहू दे, पण जुन्याही परत टाक. बिघडतं काय?"

टाकल्या. आता तीच वर्षं दोनदोनदा तपासली जातात. संध्याकाळी ग्रुपवर साहेबांचा मेसेज: "टेस्ट कव्हरेज सुधारलं. वेल डन, टीम!" खाली धडाधड अंगठे. मलाही एक टाकावा लागला.