बर्फात जंतू मरत नाहीत हो, आरामात पडून राहतात

थायलंड-बालीचं सीझन आलं की एक मेसेज प्रत्येक फॅमिली ग्रुपवर येतो, यंदा मला तीन वेळा आला. "तिकडे नळाचं पाणी पिऊ नका, पण बर्फ बिनधास्त घ्या, गोठल्यावर जंतू मरतात. ड्रिंकमध्ये असेल तर प्रश्नच नाही. आणि आपल्या भारतीय पोटाला काय होतंय!" यातलं नळाचं तेवढं बरोबर, बाकी जवळजवळ सगळं हवेत.

गोठल्यावर मरतात म्हणे. अहो, लॅबमध्ये बॅक्टेरिया वर्षानुवर्षं जपून ठेवायचे असले तर उणे 80 अंशाला ठेवतात, मग तुमच्या बर्फात कसे मरतील? थोडे मरतात, बाकीचे ग्लासात बर्फ वितळायची वाट बघतात. कावीळवाला हेपॅटायटिस ए तर 2013 मध्ये युरोपात फ्रोझन बेरींमधून पसरला होता.

दारूचं सगळ्यांचं लाडकं. सॅनिटायझरला किमान 60 टक्के अल्कोहोल लागतं, आपली व्हिस्की असते 42.8 ची, त्यात सोडा ओतला की उरलं काय? 1985 मध्ये अमेरिकेत हे करूनच बघितलं होतं, जुलाबाचे जंतू घातलेला बर्फ कोला, स्कॉच, टकिला सगळ्यात वितळवला, आणि टकिलातसुद्धा काही जंतू जिवंत निघाले. आमच्या ट्रिपला एक काका दात घासायला पण बाटलीचं पाणी वापरायचे आणि संध्याकाळी बीचवर गाडीवरचा बर्फ टाकून पेग, चौथ्या दिवशी रूममध्येच होते, हातात ओआरएस 😅

भारतीय पोट हे अर्धं खरं. आधीच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना लहानपणीच हेपॅटायटिस ए होऊन गेलेला असतो, कळलेलंही नसतं, त्यांना तो परत होत नाही. पण आरओच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या पोरांचं तसं नाही, त्यांच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. आणि बाकीच्या जंतूंना पासपोर्ट कुठला ते कळत नाही.

आता लगेच "बर्फ म्हणजे विष" असंही नको. थायलंडमध्ये मधे भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ दिसतो ना, तो फॅक्टरीत शुद्ध केलेल्या पाण्याचा असतो, पोत्यातून दुकानांत येतो, तो बहुतेक ठीक. फक्त तो हाताने काढतायत की चमच्याने, आणि त्याच डब्यात बाटल्या खुपसून ठेवल्यात का, एवढं बघा. मोठ्या लादीचा फोडलेला चुरा मात्र मासे गार ठेवायला असतो, तो ग्लासात नको.

आणि हाच मेसेज "परदेशात कुठेही" करून फिरवणाऱ्यांनो, सिंगापूर, जपानमध्ये नळाचं पाणी खुशाल प्या, व्हिएन्नात तर 1873 पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाला येतंय, तिथे लोक पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन सुटकेसमधून ओढत नेताना मी बघितलेत.