पोराची पाठ? बघूच नका हो!

शाळेत डॉक्टर येऊन मुलांच्या पाठी तपासणार, कुणाचा मणका बाजूला वाकतोय का ते बघणार, असं कळलं की पहिलं काम, पालकांच्या ग्रुपवर विरोध करा. अर्धा मिनिट लागतं एका मुलाला, पण तेवढ्यात गणिताचा पोर्शन मागे पडला तर? अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने २०१८ मध्ये सांगितलंच आहे की सरसकट तपासणीच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. विरोधातही नाही असं त्याच वाक्यात आहे, ते फॉरवर्ड करू नका.

तसं बघितलं तर ही तपासणी आपल्या शाळांत रोजच होते की. पीटीचे सर शिट्टी मारतात, गुडघे सरळ, खाली वाका, अंगठे धरा, आणि अख्खा वर्ग वाकतो. १८६५ साली ॲडम्स नावाच्या इंग्रज सर्जनने सांगितलेली टेस्ट जवळपास हीच, फक्त बघणारा मागे पाहिजे, एका बाजूच्या बरगड्या वर आल्यात का ते दिसायला. आपले सर पुढे उभे असतात. असू देत.

घरी दिवसातून वीसदा "सरळ बस!" ओरडा, मग मोबाईलला शिव्या, मग दप्तराला. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं असा नियम आहे, म्हणून वजनकाटा येणार त्या दिवशी अर्धी पुस्तकं घरी ठेवायची हे पोरांना न शिकवताच येतं. जड दप्तराने पाठ दुखू शकते हे खरंय, पण मणका बाजूला वळून पिळतो तो दप्तराने नाही, बहुतेकांचं कारण सापडतच नाही आणि बऱ्याचदा दुखतही नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, संपला विषय.

मुलगी असेल तर अजूनच शांत रहा. १० ते १५ वय, उंची भराभर वाढते तेव्हाच मणक्याचा बाकही वाढतो, मुलींचा जास्तच. एक्सरेत १० अंश भरले की स्कोलिओसिस म्हणतात, साधारण २५ च्या पुढे ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडावर घालायचा कडक आधार, देतात, पण ब्रेसचा उपयोग हाडं वाढतायत तोवरच, त्यामुळे तेवढा काळ मालिश, बारला लटकणं आणि ऑनलाइन मागवलेला पट्टा यात आरामात काढा. बोलू नका कुठे, उद्या स्थळं यायचीत.

त्रास देणारा माणूस एकच, टेलर. युनिफॉर्मचं माप घेताना म्हणणार, ताई, हिचा डावा खांदा खाली आहे, स्कर्ट एका बाजूने वर जातोय. हसून सांगा, ती उभीच तशी राहते हो. पुढच्या वर्षी परत बोलला तर रेडीमेड घ्या.