रियुनियनचा ‘पांढरा डोडो’ मुळात डोडोच नव्हता

भाचीच्या सातवीच्या विज्ञान प्रकल्पाच्या तक्त्यावर पांढराशुभ्र डोडो दिसला, तेव्हा तो कुठून आला हे विचारावे लागले नाही. तोच संदेश मलाही तीनदा आला होता. मॉरिशसच्या डोडोचा एक पांढरा भाऊबंद शेजारच्या रियुनियन बेटावर राहत होता, सतराव्या शतकातील चित्रे हा त्याचा पुरावा आहे, डोडो गिधाडाच्या कुळातला होता आणि खलाशांनी त्याला खाऊन संपवले, असे त्यात ठासून लिहिले आहे.

यातला चित्रांचा पुरावा सर्वांत हास्यास्पद आहे. विथोस आणि होल्स्टाइन या डच चित्रकारांनी पांढरा डोडो रंगवला हे खरे. पण ह्यूम आणि चेक या अभ्यासकांनी २००४ साली दाखवून दिले की या चित्रांचे मूळ सॅव्हरी या चित्रकाराच्या आधीच्या फिकट डोडोत आहे आणि त्याचा रियुनियनशी काही संबंध नाही. चित्रावरून चित्र काढले गेले आणि पुढे त्यालाच बेट चिकटवले गेले!

रियुनियनवर १६७१-७२ मध्ये राहिलेल्या द्युबुआ या प्रवाशाने जो ‘सॉलिटेअर’ पक्षी वर्णिला आणि ज्याला पुढे पांढरा डोडो समजले गेले, तो मोठ्या हंसाएवढा, पांढरा, पंखांची आणि शेपटीची टोके काळी असलेला, लांब चोचीचा आणि थोडेफार उडू शकणारा होता. डोडोची चोच जाडजूड व आकडेदार होती, आणि उडणे त्याला मुळीच जमत नव्हते. भिगवणच्या चिखलात वाकडी चोच खुपसत फिरणारा पांढरा शराटी ज्याने पाहिला आहे, त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. रियुनियनवर डोडोचे एकही हाड मिळालेले नाही, शराटीची मात्र मिळाली. त्यांच्या आधारे मूरेर-शोविरे आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात सॉलिटेअर हा शराटीच असल्याचे मांडले. आज तो थ्रेस्कीऑर्निस सॉलिटेरिअस या नावाने, म्हणजे आपल्या पांढऱ्या शराटीच्याच वंशात (जीनस), नोंदला जातो.

डोडोला भाऊबंद होता, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. पण तो रॉड्रिग्ज बेटावर होता, आणि नावाने तोही सॉलिटेअरच, त्यामुळे घोळ वाढला.

गिधाडाची गोष्ट १८४८ सालीच निकालात निघाली: डोडो कबुतरांपैकी आहे, आणि २००२ च्या डीएनए अभ्यासानुसार आज हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग निकोबारी कबूतर आहे. खलाशांनी डोडो मारले हे खरे, पण त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या उंदरांना व डुकरांना हिशेबातून वगळता येत नाही.

तक्ता परवा द्यायचा आहे. पंखांची टोके काळी केली तर चालेल का, असे भाचीने विचारले. चोचही नव्याने काढावी लागेल, असे मी तिला सांगितले आहे.