काचेचा पेला आणि कानामागचे पुरळ

‘तिकडे पोर तापाने फणफणले तरी पॅरासिटामॉल देऊन घरी बसवतात म्हणे,’ असे तासगावचा माझा भाऊ दर खेपेला चिडवतो आणि मी त्याच्या घरातल्या अँटिबायोटिकच्या बाटल्या मोजून दाखवते. गेल्या हिवाळ्यात इथे, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, माझ्या दीड वर्षाच्या मुलीचा तीन दिवसांचा ताप उतरला आणि अंगभर पुरळ उठले, तेव्हा दोघांचाही मुद्दा अपुरा वाटला.

बऱ्याच वेळाने लागलेल्या फोनवर नर्सने काचेचा पेला घ्यायला सांगितले. पेल्याची बाजू पुरळावर दाबल्यावर डाग फिके पडले नाहीत, तर मेनिंगोकॉकस या मेंदूज्वर घडवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाची शंका धरून तडक रुग्णालय गाठायचे. आमचे डाग फिके पडले. मात्र ‘पुरळ लाल आहे का?’ या प्रश्नावर मी अडले. माझी लेक सावळी. तिच्या पोटावर लाली दिसतच नव्हती, बोटांना बारीक उंचवटे तेवढे लागत होते. अशा त्वचेवर तळवे, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी, हे मी विचारल्यावर कळले.

आईने व्हिडिओ कॉलवर विचारले, ‘ताप आधी की पुरळ आधी? कानामागे बघितलंस का?’ प्रश्न अचूक होते. गोवरात खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळ्यांसह ताप असतानाच, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरते. रोझिओलात, म्हणजे लहान मुलांना विषाणूमुळे येणाऱ्या एका तापात, ते ताप गेल्यावर उमटते, आणि आमचे तेच निघाले. पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केले असते, तर पुरळाचा दोष औषधावर जाऊन ‘हिला पेनिसिलिन चालत नाही’ हा शिक्का पोरीवर जन्मभर राहिला असता.

मात्र ‘गोवर औषधाने दाबू नये, बाहेर पडू द्यावा’ हे आईचे म्हणणे मला मान्य नाही. बेदाण्याचे पाणी खुशाल द्यावे, तासगावात बेदाण्याला काय तोटा. पण त्यापायी डॉक्टर टाळला, तर लागोपाठ दोन दिवस द्यायचे आणि डोळे जपणारे जीवनसत्त्व अ राहून जाते.

इथली घरी थांबण्याची रीतही सांगलीच्या पावसाळ्यात जशीच्या तशी चालणार नाही, कारण डेंग्यूत ताप उतरतानाच पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव सुरू होऊ शकतात. भावाला अर्ध्या तासात डॉक्टर भेटतो, याचा मला हेवा वाटतो. त्याने फक्त ताप कधी चढला आणि पुरळ कुठून सुरू झाले, एवढे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून सोबत न्यावे.