गर्भनिरोधक आणि त्रास: मेधाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

मेधाताई,

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गर्भनिरोधकांवरच्या माझ्या लेखावर मेधाताईंचे तीन आक्षेप आहेत. एक, मी आकडे पुढे करून बायकांचा त्रास लहान करून टाकला. दोन, हार्मोन शरीरात ढकलण्यापेक्षा नैसर्गिक उपाय बरे, हे मी मुद्दाम लिहिलं नाही. आणि तीन, त्यांच्या भाचीचं गोळी सुरू केल्यापासून डोकं दुखायचं, तेव्हा डॉक्टरांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून तिला परत पाठवलं. यावर माझ्याकडे काय उत्तर आहे, असं त्या विचारतात.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई आहे. भाचीला एकच विचारा: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात का? नजरेतला एखादा भाग काही मिनिटं पुसल्यासारखा होतो का? हात किंवा चेहऱ्याची एक बाजू बधिर होते का? होत असेल तर ते ऑरा असलेलं मायग्रेन असू शकतं. अशा बाईनं इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी घेऊच नये, वय काहीही असो, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे डॉक्टरांनी जे विचारायलाच हवं होतं ते विचारलं नाही आणि उलट तिलाच दोष दिला. तुमचा राग रास्त आहे. ती अजून गोळी घेत असेल आणि यातलं काही होत असेल, तर गोळी थांबवून लगेच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर कंडोम वापरायला सांगा.

‘मनाचे खेळ’ हे उत्तर मात्र गोळीइतकंच जुनं आहे. १९५६ साली प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पहिल्या गोळीच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. तिथलं काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होताहेत आणि इतके त्रास असलेलं औषध सर्वसाधारण वापरासाठी चालणार नाही. गोळीचे एक जनक ग्रेगरी पिंकस यांनी त्यातला बराचसा भाग मानसिक ठरवला. त्या गोळीत हार्मोनचं प्रमाण आजच्या कितीतरी पट होतं. पुढे १९७० मध्ये अमेरिकन सिनेटसमोर गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली, तेव्हा साक्षीला एकही गोळी घेणारी बाई बोलावलेली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून त्याचा जाब विचारला. पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद आला तो त्यानंतर. बायकांनी तक्रार केली नसती तर डोस कमी व्हायला आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आता आकड्यांचं. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. आकडा नसला की त्याची जागा भीती घेते, आणि त्या भीतीचीही किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की काही नव्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ ऐकून असंख्य स्त्रियांनी पाकीट अर्धवट सोडलं. प्रत्यक्षात वाढ होती दर सात हजारांत एकीवरून दोघींवर. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात १३ हजारांहून जास्त वाढले.

गुठळीचंच पुढे नेऊ. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. इस्ट्रोजेनवाली गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात ५ ते २० जणींना. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत हाच दर ४० ते ६५ पर्यंत जातो. डॉक्टर मंडळी एवढं सांगून विषय संपवतात, आणि ते मला पटत नाही. गरोदरपणाशी तुलना न्याय्य आहे ती जिला गोळीशिवाय दिवस राहिले असते तिच्यापुरती. जी तांबी (गर्भाशयात बसवायचं तांब्याचं, बिनहार्मोनचं साधन) बसवून घेऊ शकते तिला दोन्हींतला एकही वाढीव धोका पत्करावा लागत नाही. तिच्यासमोर गोळी आणि गरोदरपण असे दोनच पर्याय ठेवणं ही फसवणूक आहे.

माझ्या मते खरी गल्लत होते ती धोका आणि त्रास एकाच पारड्यात टाकल्यानं. गुठळी, पक्षाघात हे धोके. ते कुणाला जास्त आहेत हे रक्तदाब, धूम्रपान, वय, घरातला इतिहास यांवरून डॉक्टरांनी ठरवायचं. एक पाय सुजून पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पण अधूनमधून डाग लागणं, स्तन जड होणं, कामेच्छा मरणं, विनाकारण रडू येणं, हे त्रास. ते सहन करण्याजोगे आहेत की नाहीत, हे ठरवायला कोणत्याही अभ्यासाचा दाखला लागत नाही. ‘मला हे नको’ एवढं कारण पुरे आहे. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ साली आला. हार्मोन न घेणाऱ्या शंभरजणींत वर्षाला १.७ जणींना नैराश्यावरचं औषध पहिल्यांदा सुरू झालं, घेणाऱ्यांत २.२ जणींना, किशोरवयीन मुलींत फरक जास्त. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही हे खरं, फरकही मोठा नाही. पण जी त्या वाढीव अर्ध्यात सापडली तिनं शांतपणे सरासरी वाचत बसावं, असं मी कधीच म्हणणार नाही. मळमळीसाठी दोन-तीन महिने थांबून पाहा म्हणणं ठीक. मन खचत असेल तर थांबू नये.

आणखी एक गोष्ट निवडताना क्वचितच विचारली जाते: नाही सोसलं तर बाहेर किती लवकर पडता येतं? गोळी उद्या बंद करता येते. तीन महिन्यांचं इंजेक्शन एकदा घेतलं की काढता येत नाही, आणि ते थांबवल्यावर दिवस राहायला वर्षभरही लागू शकतं. तांबी काढता येते, पण त्यासाठी काढून देणारं कुणीतरी लागतं, आणि ‘आणखी थोडे महिने ठेवा की’ असं म्हणून टाळणारेही भेटतात. बसवतानाच विचारून घ्यावं.

नैसर्गिक उपायांबद्दल फार लिहीत नाही. पुरुषानं वेळेवर बाहेर येण्यावर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षभरात साधारण २० जणींना दिवस राहतात. नेहमीच्या, म्हणजे चुकतमाकत वापरात, कंडोमवर १३, गोळीवर ७, तांबीवर एकीपेक्षाही कमी. दिवस राहिले तरी चालतील अशा जोडप्याला बाहेर येण्याचा उपाय चालेल. तुमच्या भाचीला तर आत्ता मूल नकोच आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

तिला पाळीत आधीच खूप जातं, असंही तुम्ही लिहिलंत. ऑरा निघाला तरी तांबीला त्यामुळे अडचण नाही, पण पहिले तीन-सहा महिने रक्तस्राव आणि पोटातल्या कळा वाढतात, आणि काहींना तो त्रास पुढेही राहतो. गर्भाशयात बसवायचं हार्मोनवालं साधन असतं, त्यात इस्ट्रोजेन नसतं आणि पाळी कमी होत जाते. सुरुवातीचे काही महिने मात्र बेभरवशी डाग लागतात. डॉक्टरकडे जायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. तांबी की दुसरं साधन, हे त्या आकड्यावरही अवलंबून राहील.