‘21 दिवसांत घरची वाइन’ या मेसेजबद्दल खुलासा

“द्राक्षं, साखर, यीस्ट काचेच्या बरणीत भरा, झाकण हवाबंद करा, 21 दिवसांनी गाळा, वाइन तयार.” हा मेसेज इथे कॅलिफोर्नियातल्या आणि गावाकडच्या ग्रुपवर फिरतोय. मागच्या वर्षी मीही तो पुढे पाठवला होता, त्याबद्दल माफी मागते. त्यातलं हवाबंद झाकण धोक्याचं आहे.

यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, तेव्हा जवळजवळ त्या अल्कोहोलइतक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. लिटरभर रसात 200 ग्रॅम साखर असेल तर सुमारे 50 लिटर वायू! बंद बरणी फुटून काचा उडू शकतात. म्हणून पहिले पाच-सात दिवस भांड्यावर नुसतं स्वच्छ फडकं बांधायचं, वर आलेली सालं रोज खाली दाबायची. मग गाळून अरुंद तोंडाच्या बाटलीत भरायचं आणि एअरलॉक लावायचा. त्यातून वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

21 दिवसांनाही अर्थ नाही. माझ्या रसात 21व्या दिवशी हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारा, साखर जास्त तसा आकडा जास्त) 1.012 दाखवत होता, म्हणजे साखर शिल्लक होती. बुडबुडे थांबले म्हणजे झालं असंही नाही, ते थंडीनेही थांबतात. आकडा 1.000च्या खाली येऊन काही दिवस स्थिर राहिला, की आंबणं संपलं. मग गाळ तळाशी सोडून वाइन नळीने दुसऱ्या बाटलीत घ्यायची, गळ्यापर्यंत भरायची. मुरायला पुढे काही महिने लागतातच.

कॅलिफोर्नियात प्रौढांना घरापुरती वाइन करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.